जाणाऱ्या यंत्राची भाषा

पहाटे 5.30

रात्रीचं डे-एंड, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचा हिशेब बंद करण्याचं काम, पार पडलं की सर्व्हर एक संदेश पाठवतो. तो आला आहे की नाही हे बघायचं, मग चहा. वसईत राहून मी अंधेरीच्या एका कंपनीत युनिक्स ॲडमिन म्हणून काम करते आणि एका बँकेचे जुने सर्व्हर सांभाळते. त्यांतल्या एकावर एचपी-यूएक्स हे युनिक्स चालतं, इटॅनियम प्रोसेसरवर. इटॅनियमची शेवटची खेप 2021 च्या जुलैत कारखान्यातून निघाली. एचपी-यूएक्सची नेहमीची देखभाल 31 डिसेंबर 2025 ला संपली. बँकेचे मुख्य व्यवहार कधीच दुसरीकडे गेले आहेत, पण शाखांचे काही अहवाल अजून याच यंत्रावर तयार होतात. ते आता लिनक्सवर न्यायचे आहेत.

युनिक्सचं घड्याळ 1 जानेवारी 1970 च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजत आलं आहे. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. मीही याच वेळी लॉग-इन करते.

थेट मात्र जाता येत नाही. दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉग-इन करून देणाऱ्या ओपनएसएसएचने 2021 मध्ये 8.8 या आवृत्तीपासून जुनी सही-पद्धत मुळातच बंद ठेवली. माझा नवा लॅपटॉप आणि हा जुना सर्व्हर एकमेकांशी बोलायलाच तयार होत नाहीत. मध्ये एक दुभाषी यंत्र ठेवलं आहे, त्यावरून जावं लागतं. आत गेल्यावर डिस्कवरची जागा पाहते, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनची नोंद वाचते, रात्रीच्या फाइली मोजते. सगळं जागच्या जागी आहे. यंत्राची कुरकुर नाही. काळजी आहे ती त्यावरच्या स्क्रिप्टची, म्हणजे ओळीने पार पडणाऱ्या आज्ञांच्या फाइलींची.

7.15

वसई रोड स्टेशन. विरारहून आणि नालासोपाऱ्याहून भरून आलेल्या गाडीत चढणं हे वेगळं कौशल्य आहे, ते इथल्या बायकांना शिकवावं लागत नाही. नायगाव गेलं, खाडीचा पूल आला की डब्यात जरा हवा खेळते आणि मी पुस्तक काढते. बँकेचा एकही कागद बाहेर न्यायची परवानगी नसते, त्यामुळे गाडीतला वेळ वाचनाचा.

सध्या ऑक या भाषेवरचं पुस्तक वाचते आहे. अल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहन या तिघांनी 1977 मध्ये बेल लॅब्जमध्ये ही भाषा तयार केली, आडनावांची आद्याक्षरं जुळवून तिला नाव दिलं. पुस्तक 1988 चं, दुसरी आवृत्ती 2023 ची. पस्तीस वर्षांनी दुसरी आवृत्ती निघावी अशी संगणकाची पुस्तकं फार नाहीत.

माझ्या डब्यात प्रत्येकीच्या हातात फोन आहे आणि बहुतेक फोन अँड्रॉइडचे. अँड्रॉइडच्या पोटातही एक शेल असतो. शेल म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा वाचून यंत्राकडून काम करवून घेणारा कार्यक्रम. अँड्रॉइडवरचा शेल कॉर्न शेलच्या कुळातला आहे, तोच कॉर्न शेल जो डेव्हिड कॉर्न यांनी 1983 मध्ये जगासमोर मांडला. ज्या सर्व्हरला निरोप द्यायला मी निघाले आहे, त्याच्यावरच्या बहुतेक स्क्रिप्ट याच कुळातल्या शेलसाठी लिहिलेल्या आहेत. यंत्रं जातात, पण साध्या भाषा कुठून कुठे पोचतात ते पाहिलं की कामाला हुरूप येतो.

9.30

ऑफिस. पहिलं काम मोजदाद. जुन्या सर्व्हरवरच्या प्रत्येक स्क्रिप्टची पहिली ओळ वाचायची. ही स्क्रिप्ट कोणत्या भाषेत आहे आणि ती भाषा यंत्रात कुठे सापडेल, हे त्या ओळीत लिहिलेलं असतं. त्यावरून वाटण्या करायच्या: साधा शेल, कॉर्न शेल, ऑक, पर्ल. पर्ल ही लॅरी वॉल यांची भाषा, 1987 ची. नव्वदीच्या दशकात युनिक्स सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी ती असायची.

इतक्या स्क्रिप्ट साठल्या कशा, याला आपल्या बँकांचा इतिहास आहे. डॉ. सी. रंगराजन रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर असताना त्यांच्या अध्यक्षतेखालच्या दोन समित्यांनी, 1984 आणि 1989 मध्ये, बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आणि संगणकीकरणाचा आराखडा दिला. शाखांत खतावणी लिहिणारी यंत्रं आली, मग युनिक्सचे सर्व्हर आणि त्यांना जोडलेली टर्मिनलं आली. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर सगळं काम करत नसे. उरलेलं काम शाखेतला किंवा मुख्य कार्यालयातला एखादा हुशार माणूस रात्री बसून शेलमध्ये लिही. फाइल अमुक ठिकाणाहून उचल, बेरीज कर, शाखेचा क्रमांक लाव, अहवाल छापायला पाठव. तो माणूस बदलून गेला, निवृत्त झाला. स्क्रिप्ट रोज रात्री चालत राहिली.

म्हणून मी या मोजदादीकडे भंगाराची यादी म्हणून बघत नाही. बँकेचं कामकाज प्रत्यक्षात कसं चालतं याचे अनेक नियम कुठल्याही परिपत्रकात सापडत नाहीत. ते इथे आहेत.

11.00

आता चाचणी. जुन्या सर्व्हरवरची स्क्रिप्ट जशीच्या तशी लिनक्सवर ठेवून चालवायची आणि दोन्हीकडचा अहवाल ताडून बघायचा.

अडचण अशी की ती चालते. चाललीच नसती तर काम सोपं होतं. जुन्या यंत्रावर ज्या ठिकाणी शेल होता, नेमक्या त्याच ठिकाणी त्याच नावाचा कार्यक्रम रेड हॅट लिनक्सवरही आहे. पण जुना शेल कॉर्नच्या वळणाचा आणि हा बॅश नावाचा दुसरा शेल. नाव एक, स्वभाव दोन.

पहिला फरक पाइपचा. एका आज्ञेचं उत्तर पाइपमधून पुढच्या आज्ञेला द्यायचं आणि तिथे एका नावाखाली साठवायचं, ही कॉर्न शेलमधली रोजची रीत. कॉर्न शेल पाइपमधली शेवटची आज्ञा स्वतःच पार पाडतो, त्यामुळे साठवलेली किंमत पुढच्या ओळीला मिळते. बॅश ती आज्ञा एका उपशेलकडे सोपवतो. उपशेल संपला की किंमतही गेली. पुढच्या ओळीला रिकामी जागा मिळते, तिथे शून्य धरलं जातं आणि अहवालात एकूण रक्कम शून्य येते. शून्य निदान डोळ्यांत भरतं.

दुसरा फरक डोळ्यांत भरत नाही. शाखेचा क्रमांक तीन अंकी असतो, अहवालाच्या फाइलला तो पाच अंकी हवा. कॉर्न शेलमध्ये पुढे शून्यं लावण्याची सोय भाषेतच आहे. बॅशमध्ये ती नाही, म्हणून रूपांतर करताना प्रिंटएफ ही आज्ञा घातली गेली. पण ज्या आकड्याच्या सुरुवातीला शून्य असतं तो बॅशचा प्रिंटएफ अष्टमान पद्धतीने वाचतो. ही सी भाषेकडून आलेली सवय आहे. अष्टमानात आठ आणि नऊ हे अंकच नसतात. त्यामुळे 008 आणि 009 या शाखांना तक्रार करून तो 00000 लिहितो. 010 ला मात्र काहीही न बोलता 00008 लिहितो. 011 चा होतो 00009. आठव्या शाखेच्या नावाखाली दहाव्या शाखेचे आकडे, सुबक मांडणीत, बेरीज बरोबर.

आज हेच सापडलं. ऑकमध्ये हा धोका नाही; फाइलमधून वाचलेला 010 तो दहाच धरतो. मी ती ओळ ऑकमध्ये लिहिली आणि आधी जुन्या सर्व्हरवर चालवली, मग नव्यावर. दोन्हीकडे 00010. हा क्रम मी मुद्दाम पाळते. दुरुस्ती जुन्या यंत्रावरही चालली तरच ती खरोखर तेच काम करते का हे ताडता येतं.

1.15

डबा. समोर आमचे सर बसतात. ते जुहूच्या एनसीएसटीत युनिक्स शिकले. एनसीएसटी म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र; ते 1985 मध्ये सुरू झालं आणि 2003 मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झालं. मुंबईत युनिक्स जाणणारी जी पहिली मोठी फळी तयार झाली, त्यांतले कितीतरी जण तिथून बाहेर पडले. माझ्या पिढीने युनिक्स यशवंत कानेटकरांच्या पुस्तकांतून आणि अशा सरांकडून उचललं.

आज त्यांना कालची तारीख काढण्याची स्क्रिप्टमधली ओळ दाखवली. लिनक्सवर ‘काल’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला की तारीख मिळते. एचपी-यूएक्सवर ही सोय नाही. म्हणून लिहिणाऱ्याने यंत्राला त्या एका ओळीपुरतं सांगितलं आहे की तू ग्रीनिचच्या साडेअठरा तास मागे आहेस. भारतीय वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. साडेपाच आणि साडेअठरा मिळून चोवीस. यंत्र बरोबर कालची तारीख सांगतं, महिनाअखेर असो की वर्षअखेर. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, म्हणून ही युक्ती बाराही महिने चालते.

सर म्हणाले, “ही ओळ बदलू नकोस. नव्या यंत्रावरही चालेल.” चालली. वेळेच्या फरकाचं ते लिखाण प्रमाणात बसणारं आहे, ते कोणत्याही युनिक्सला आणि लिनक्सला कळतं. लिहिणाऱ्याने हाताशी जेवढं होतं तेवढ्यात भागवलं आणि म्हणूनच त्याची ओळ टिकली.

2.30

एका स्क्रिप्टमध्ये रोमन लिपीत मराठी शेरा आहे: हे काढू नये, साहेबांना विचारा. खाली 31 मार्चची अट. त्या रात्री अहवाल दोनदा काढायचा.

बँकेच्या परवानगीने एका निवृत्त अधिकाऱ्यांना फोन लावला. स्पीकरवर बँकेच्या मॅडमही होत्या. “साहेब, 31 मार्चला दोनदा का?” त्यांना क्षणभरही आठवावं लागलं नाही. वर्षअखेरीला व्याजाच्या नोंदी झाल्यावर मुख्य कार्यालयाच्या दुरुस्तीच्या नोंदी रात्री उशिरा येत. एकदाच काढलेला अहवाल अपुरा राही आणि लेखापरीक्षणात शाखेला उत्तर द्यावं लागे. नियम अजून लागू आहे, मॅडमनी दुजोरा दिला.

त्याच फाइलमध्ये शनिवारसाठी वेगळी अट होती, अर्ध्या दिवसाच्या कामकाजाची. ती मात्र मेलेली आहे. 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना पूर्ण सुट्टी आणि बाकीचे शनिवार पूर्ण दिवस कामाचे. यंत्राला हा भेद कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही अटी सारख्याच. जिवंत नियम कोणता आणि मेलेला कोणता, हे माणसंच सांगू शकतात, आणि ती माणसं फोनवर आहेत तोवर विचारलं पाहिजे. आज दोन्ही उत्तरं तारखेसह नोंदवहीत लिहिली, साध्या मराठीत, कुठल्याही संगणकाच्या भाषेत नव्हे.

4.30

बैठक. एका तरुण सहकाऱ्याचा आग्रह आहे की सगळं पायथॉनमध्ये नव्याने लिहावं. त्याची बाजू खोटी नाही. पायथॉन वाचायला स्वच्छ आहे, शिकलेली मुलं भरपूर मिळतात आणि लांबलचक कामात शेल लवकर गुंतागुंतीचा होतो, हे मी रोज बघते.

मी उपलब्धतेचा प्रश्न मांडला. जुन्या सर्व्हरवर चालू काळातला पायथॉन नाही. पायथॉन 2 ची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली. पायथॉन 3 मिळवायचा तर तो स्वतः बांधून घ्यावा लागेल, त्याला लागणारी प्रत्येक गोष्टही. त्या गोष्टींच्याही पुढच्या मागण्या असतात. पायथॉनमध्ये सांकेतिकीकरणासाठी सर्रास वापरलं जाणारं क्रिप्टोग्राफी हे पॅकेज 2021 पासून बांधताना रस्ट ही भाषा मागू लागलं, आणि रस्ट ज्या प्रोसेसरवर पोचलीच नाही तिथले लोक एका दिवसात अडले. म्हणजे पायथॉनमधली नवी स्क्रिप्ट जुन्या यंत्रावर चालवून ताडता येणार नाही. फरक आला तर चूक रूपांतरात की मुळात, हे सांगायला साक्षीदार उरणार नाही.

नव्या यंत्रांवरही भाषा गृहीत धरण्याचे दिवस गेले. रेड हॅटने 2019 च्या आठव्या आवृत्तीपासून नुसती ‘पायथॉन’ ही आज्ञा देणं बंद केलं. ॲपलने मॅकमधून 2021 मध्ये पीएचपी आणि 2022 च्या मार्चमध्ये पायथॉन 2.7 काढून टाकला. कार्यक्रम वेगळा बंदिस्त करून चालवणाऱ्या कंटेनरच्या छोट्या प्रतिमांत बऱ्याचदा बॅशही नसतो, पर्लही नसतो. पण साधा शेल असतो, ऑक असतो, मजकुरात बदल करणारा सेड असतो. उलट दिशेने, जी जुनी युनिक्स अजून तग धरून आहेत ती नव्या भाषा आपल्यात घेत आहेत. आयबीएमच्या एआयएक्सची 7.3 ही आवृत्ती 2021 च्या डिसेंबरमध्ये पायथॉन घेऊनच आली. सगळं युनिक्स एकदम बुडत नाही. ट्रू64 ची देखभाल 2012 मध्ये संपली, आयरिक्सची 2013 मध्ये, आता एचपी-यूएक्सची पाळी. प्रत्येकाबरोबर एक प्रश्न येतो: इथे लिहिलेलं पुढे कुठे वाचलं जाईल?

तासाभराने तीन वाटण्या ठरल्या. लहान आणि रोज चालणाऱ्या स्क्रिप्ट प्रमाण शेल आणि ऑकमध्ये, जुन्या यंत्रावरही चालतील अशा. कॉर्न शेलच्या खास सोयींवर उभ्या असलेल्या मोठ्या स्क्रिप्टसाठी लिनक्सवर कॉर्न शेल बसवायचा. तो अजून मिळतो आणि 2020 पासून काही जाणकारांनी त्याची देखभाल पुन्हा हाती घेतली आहे. जिथे खरोखर नवं काम आहे तिथे पायथॉन, पण आधीच्या दोन वाटण्या दोन्हीकडे जुळल्यानंतरच. तरुण सहकाऱ्याने तिसऱ्या वाटणीचं काम स्वतःहून मागून घेतलं. मला ते आवडलं.

6.40

परतीची गाडी. अंधेरीला उभं राहायला जागा, बोरिवलीला थोडी सैल, भाईंदरनंतर खिडकीशी. बोरिवली ते विरार हा मार्ग 1936 मध्ये विजेवर आला; त्यानंतर कित्येक दशकांनी गिरगाव-दादरच्या चाळींतून माणसं याच मार्गाने वसई-विरारला राहायला आली. माझ्या डब्यात रोज बँकेतल्या, विम्यातल्या, इस्पितळातल्या बायका असतात. त्यांच्यातल्या कितीजणींच्या कार्यालयात एखादी जुनी स्क्रिप्ट रात्री काम करत असेल, आणि ती कोणी लिहिली हे कोणालाच माहीत नसेल.

8.15

सोसायटीतली एक मुलगी इंजिनिअरिंगला आहे, आठवड्यातून काही संध्याकाळी माझ्याकडे शेल शिकायला येते. आज तिने सरळ विचारलं, “काकू, जाणारच असलेल्या यंत्रावरची भाषा मी का शिकू?”

तिच्याच लॅपटॉपवर दाखवलं. तिच्याकडे उबुंटू आहे. ऑकला सांगितलं, ‘वसई’ या शब्दाची लांबी मोज. उत्तर आलं नऊ. उबुंटूवर मुळात येणारा ऑक हा मॉक नावाचा प्रकार आहे आणि तो अक्षरं न मोजता बाइट मोजतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडच्या रूढ साठवणीत तीन बाइट लागतात. मग तिने जीएनयूचा ऑक बसवला आणि तीच ओळ चालवली. उत्तर तीन.

“म्हणजे भाषा तीच, पण कोणाकडची आहे ते बघायचं,” ती म्हणाली. अगदी हेच. मूळ ऑकमध्ये युनिकोडची सोय 2022 मध्ये आली आणि ती खुद्द कर्निहन यांनी घातली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. वसईतल्या मुलीला आपल्या गावाचं नाव आपल्या लिपीत नीट मोजता यावं, यासाठी 1977 च्या भाषेवर अजून काम चालू आहे. शिकण्याजोगी भाषा ओळखायची ती अशी: ती किती यंत्रांवर आधीपासून हजर आहे आणि तिची काळजी घेणारं कोणी आहे का.

तिला घरी करायला एक काम दिलं. सोसायटीच्या देखभाल-वर्गणीची फाइल घेऊन थकबाकीची यादी काढायची, फक्त शेल आणि ऑक वापरून, आणि तीच स्क्रिप्ट फोनवरही चालवून बघायची.

10.45

रात्रीचं डे-एंड. आजपासून दोन्ही सर्व्हर समांतर चालतात. जुन्यावरचा अहवाल तयार झाला, नव्यावरचा झाला. दोन फाइली बाइटशः ताडणारी आज्ञा दिली. युनिक्समध्ये फरक नसेल तर ही आज्ञा काहीच छापत नाही. आठव्या, नवव्या आणि दहाव्या शाखेच्या फाइली वेगळ्या काढून स्वतः वाचल्या. आकडे आपापल्या शाखेचेच आहेत.

झोपण्याआधी उद्याच्या बैठकीसाठी टिपण लिहिलं. ते फक्त आमच्या बँकेपुरतं नाही. आमच्या पालघर जिल्ह्यात पतपेढ्या आहेत, इस्पितळं आहेत, महाविद्यालयं आहेत, कारखाने आहेत. जुना सर्व्हर बदलण्याची वेळ सगळ्यांवर येते. तो बंद करण्याच्या कामांच्या यादीत डेटा हलवणं असतं, परवाने रद्द करणं असतं, यंत्र उचलून नेणं असतं. त्या सगळ्याच्या आधी तीन कामं घाला. सर्व्हर चालू आहे तोवर त्यावरची प्रत्येक स्क्रिप्ट माणसाने वाचावी. तिच्यातला नियम साध्या मराठीत लिहून तो ज्याचा आहे त्याच्याकडून तपासून घ्यावा. आणि नवी स्क्रिप्ट शक्यतो अशा भाषेत लिहावी, जी जुन्या यंत्रावरही चालेल आणि नव्यावर वेगळी बसवावी लागणार नाही. यंत्र उचलून नेल्यावर यांतलं पहिलं काम अर्धंच होतं, कारण ती स्क्रिप्ट खरोखर काय करते हे चालवून दाखवणारं कोणी राहत नाही. दुसऱ्यासाठी माणसं विखुरलेली असतात. तिसऱ्याची परीक्षा घेता येत नाही. म्हणून ही कामं आधीच करायची, आणि त्यांना लागणारा वेळ खर्चाच्या अंदाजपत्रकात स्पष्ट लिहून मागायचा. उद्या मी तो मागणार आहे.